लाल ठिपक्यांचा डबा

वडील जाऊन नऊ दिवस झाले आणि ताई आपली प्रयोगशाळेत हजर. तिथे सगळे तिला ताईच म्हणत. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. लोक मुद्दाम हळू आवाजात बोलत, त्याचा मात्र वैताग येत होता.

काम नेहमीचंच. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या. त्यांच्यात मुद्दाम बिघाड करायचा, म्हणजे इथला तिथला एखादा अणू उडवायचा, आणि वीज किती अडते ते मोजायचं. नळी दुप्पट लांब तर अडथळा दुप्पट, आलेख सुतासारखा सरळ. चार वर्षांचा प्रबंध या एका रेघेवर उभा होता आणि शुक्रवारी तो द्यायचा होता. एखाद्या नळीचा अडथळा भलताच जास्त आला, की तारेचा जोड खराब म्हणायचं, ती बसवलेल्या चिपवर लाल ठिपका लावायचा आणि डब्यात टाकून मोकळं व्हायचं. हा तिच्या मार्गदर्शक सरांचा नियम. का म्हणून कुणी विचारलं नाही, आणि म्हणे शिकलीसवरलेली माणसं.

त्या दिवशी तिचं लक्ष कुठे होतं देव जाणे. हात गेला तो लाल ठिपक्यांच्याच डब्यात. अकरा नळ्यांचा अडथळा मोजून झाल्यावर तिला ते कळलं. तरी तिने आकडे आलेखावर मांडले. जोड खराब असते तर बिंदू वाटेल तसे विखुरले असते. पण अकराही एकाच वळणावर बसले होते. रेघ संपत होती तिथूनच वळण वर चढत होतं. लांबी जराशी वाढली की अडथळा कितीतरी पट. लांब नळीत वीज बिघाडांवर मागेपुढे आपटत जागीच अडकत होती. शोधायचं तेच चार वर्षं डब्यात जात होतं.

याच रेघेपायी ती शेवटचा महिनाभर घरी गेली नव्हती. बाबा रोज फोनवर विचारायचे, "झालं का गं तुझं?" ती म्हणायची, "एवढं संपलं की येते."

तिने आलेख सरांपुढे ठेवला.

"जोड खराब असतील," सर म्हणाले.

"अकराच्या अकरा?"

सरांनी त्या वळणावरून बोट फिरवलं. "सगळं नव्याने करावं लागेल. वर्ष जाईल तुझं. शुक्रवारी आहे तेच देऊन टाक, हे नंतर बघू."

"नको सर. झालं का म्हणून विचारणारं आता कुणी नाही. मला घाई नाही."

ती जागेवर येऊन बसली आणि पहिल्या चिपवरचा ठिपका नखाने खरवडायला लागली.