सेव्ह दाबेपर्यंत

वॉर्डात दहा वर्षं मावशी म्हणून लाद्या पुसल्यावर तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. वर्गातल्या मुली तिच्या निम्म्या वयाच्या. पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटरच्या सरांनी एक फॉर्म भरून घेतला. तुम्ही वाचून शिकता, ऐकून की करून? कॉम्प्युटरबद्दल काय वाटतं? तिने खरं तेच लिहिलं: हाताने केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, आणि कॉम्प्युटरची भीती वाटते.

सरांनी नेमका तोच कागद वर्गात मोठ्याने वाचला. "मावशी, कॉम्प्युटर काय चावतो का? तुम्ही आपली फरशीच पुसा, ती हातानेच येते." वर्ग खो खो हसला.

तिची कानशिलं तापली. तिने सरांवर डूख धरला.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसू लागली. तिथला कारकून जुन्या ओळखीचा. सरावासाठी ठेवलेल्या खात्यात ती खोटे पेशंट भरायची, चुकायची, खोडायची, पुन्हा भरायची. पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नव्हतं, बोटांना मात्र सगळं पाठ झालं. दर वेळी बटण दाबताना डोळ्यांसमोर सरांचा चेहरा असायचा.

वर्षअखेरीला बाहेरून परीक्षक बाई आल्या. त्यांच्यासमोर सर खोट्या पेशंटची नोंद करून दाखवत होते. इन्सुलिन पाच युनिट द्यायचं, पडद्यावर पन्नास पडलं. तिने पाहिलं. गप्प बसली. सरांनी ऐटीत सेव्ह दाबलं आणि विचारलं, "काही शंका?"

ती उठली. "सर, पेशंट गेला."

"काय?"

"पाचाच्या जागी पन्नास दिलंत तुम्ही."

"रद्द करा," परीक्षक बाई म्हणाल्या. सरांना सेव्ह झालेली नोंद रद्दच करता येईना. इकडे क्लिक, तिकडे क्लिक. मानेवर घाम.

"सरका जरा," म्हणत ती पुढे झाली. कॉम्प्युटरने रद्द करण्याचं कारण विचारलं. तिने सावकाश, मोठ्याने उच्चारत टाइप केलं: "शि-क्ष-कां-ची चूक."

कुणी हसलं नाही. सर खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या महिन्यापासून त्यांचा तास दुसऱ्याकडे गेला.

"तुला आधीच दिसलं होतं ना?" त्याच दिवशी जिना उतरताना शेजारच्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं होतं. "हळूच सांगायचंस."

"दिसलं होतं," ती म्हणाली. "म्हणूनच थांबले."

चष्मेवाली दोन पायऱ्या मागे राहिली. ही मात्र वळून न पाहता उतरत राहिली.