डोक्याला लागल्यावर

बायको गेली हे त्याला सकाळी तिला उठवायला गेल्यावर कळलं. आदल्या दिवशी जुनी इमारत पाडताना वरून वीट सुटली आणि तिच्या डोक्यात बसली. हेल्मेट होतं, पण हातात, उलटं धरलेलं. पाडकामावरची सगळीच माणसं त्यात बिजागऱ्या नि स्क्रू गोळा करायची. टोपली कोण शोधत बसणार? ती उठली, हसली, टेंगूळ चोळलं. घरी येऊन ओकली आणि "डोकं जड झालंय, पडते जरा," म्हणाली. कवटीच्या आत रक्त साकळत गेलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

तेव्हापासून मुलगी हाताबाहेर गेली. नऊ वर्षांची पोर, पण चावायची, ओरबाडायची. गल्लीत कुणी तिच्या वाटेला जाईना. वरच्या मजल्यावरची मावसबहीण तेवढी तिला पुरून उरायची.

सुट्टीच्या दिवशी त्याने जिन्याखाली आरडाओरडा ऐकला.

"एका विटेनं मेली तुझी आई," मावसबहीण म्हणत होती. "कच्च्या डोक्याची."

तो पोहोचेपर्यंत मुलीने तिच्या झिंज्या धरल्या होत्या. लोखंडी फाटकावर तिने ते डोकं आपटलं, पुन्हा आपटलं. फाटक घणघणलं. भुवईतून रक्ताची धार लागली. मावसबहिणीनेही लाथ घातली, चापट हाणली, मुलीचा ओठ फुटला, तरी झिंज्या सुटेनात. शेवटी त्याने एकेक बोट उलगडून त्या सोडवल्या.

मेहुणी धावत खाली आली. आधी तिने भाचीच्या थोबाडीत दिली, मग त्याच्या छातीवर बुक्के घातले. "राक्षसीण पोसलीय तुम्ही, भावजी."

"मार मला. पण आधी हिला दवाखान्यात ने."

"खोक पडलीय नुसती. बांधते मी. रडून दमलीय, झोपू दे तिला."

मावसबहीण पायरीवरच भडाभडा ओकली. मग आईकडे बघत म्हणाली, "शाळा सुटली?"

"ऐकलंस?" तो म्हणाला. "तुझी ताईपण अशीच ओकली होती."

"अभद्र बोलू नका."

त्याने पोरीला उचललं. मेहुणीने त्याचा शर्ट धरून ओढला, तो टरकन फाटला. त्याने तिला कोपराने ढकललं आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. ती शिव्या देतच आत चढली.

पोरीच्या कवटीतही रक्त साकळत होतं. डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून ते काढलं. पोर वाचली.

घरी मुलगी फुटका ओठ चोखत बसली होती.

"आईचं डोकं खरंच कच्चं होतं?"

"मेंदू सगळ्यांचाच लोण्यासारखा मऊ असतो. तुझा, माझा, तिचा. बाहेर टेंगूळ दिसतं, आतलं दिसत नाही. ओकारी आली, बोलणं भरकटलं, गुंगी यायला लागली, की मोठ्या माणसाला सांगायचं आणि थेट दवाखाना. आणि कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही."

"ती आईला बोलली."

"बोलली. म्हणून मारायचं होतं तिला?"

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली.

मावसबहीण घरी आली आहे. तिचे केस भादरले आहेत, कपाळाला टाके आहेत. मेहुणी त्याच्याशी बोलते. मुलगी मात्र अजून वर गेलेली नाही, आणि तिने माफीही मागितलेली नाही.