एक नग, डावा

मी एक जुना फर्मा आहे. फर्मा म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. बूट शिवताना ज्या लाकडी पायावर कातडं ताणून बसवतात, तो लाकडी पाय म्हणजे मी. अंगाने कठीण, टाचेशी थोडा झिजलेला, आणि डावा.

एका सुताराने आम्हा दोघांना एकाच लाकडातून कोरलं, मला आणि माझ्या उजव्याला. त्याने आम्हाला घासून असं गुळगुळीत केलं की हात फिरवणारा पुन्हा पुन्हा हात फिरवायचा. मग आम्ही बुटांच्या एका छोट्या कारखान्यात आलो. तिथल्या मालकांना आज सगळे मामंजी म्हणतात, कारण त्यांची सून त्यांना मामंजी म्हणते आणि कारखान्यात आवाज तिचाच जास्त ऐकू येतो. तेव्हा मात्र ते तरुण होते, मिजासखोरही होते. गिऱ्हाईक आलं की फळीवरून नेमके आम्हा दोघांना काढायचे आणि म्हणायचे, "या फर्म्यावरचा बूट चावला तर पैसे परत." कुणी कधी परत मागितले नाहीत, मित्रांनो. हे मी फुशारकीने सांगतो आहे, आणि का सांगू नये?

पुढे माझा उजवा शेजारच्या कारखान्याने दोन दिवसांसाठी मागून नेला. उसना गेला तो गेलाच. तो कारखाना बंद पडला, माणसं पांगली आणि मी एकटा उरलो. आपल्या भाषेत बुटाला जोडा म्हणतात, म्हणजे एकट्या बुटाला धड नावसुद्धा नाही. मग एकट्या फर्म्याला कोण विचारतो? माझी रवानगी पोत्यात झाली. तिथे माझ्यासारखे आणखी कितीतरी होते. कुणाचा जोडीदार चिरला होता, कुणाचा हरवला होता. चांगला काळ आठवत आम्ही धूळ खात पडलो. मला फार अपमान वाटायचा.

त्या पोत्यातून मला बाहेर काढलं सूनबाईने. प्रेमाने नव्हे हं. माप वाढवायला तिला एका फर्म्यावर कातड्याच्या पट्ट्या ठोकून बघायच्या होत्या, आणि चांगल्या जोडीतल्याला खिळे मारायचा तिला धीर होईना. म्हणजे बळी द्यायला मी!

तिच्या डोक्यात काय होतं ते सांगतो. त्या भागात टपाल वाटणारी एक बाई दिवसभर चालायची. तिचा एक पाय दुसऱ्याहून चांगलाच मोठा. दर वेळी ती दोन मापांच्या दोन जोड्या घ्यायची, एकेक बूट वापरायची आणि उरलेले दोन टाकून द्यायची. तिच्या पायावरचे फोड बघून सूनबाईला वाटलं, अशा पायांसाठी आपणच वेगळे बूट का करू नयेत? पण त्यासाठी शिलाईचं नवं यंत्र हवं, नवे फर्मे हवेत, रस्त्यावर दिसेल असं दुकान हवं. जुन्या कारखान्याची कामं तर एकेक करून चालली होती. हे जमलं नसतं, तर वर्ष संपायच्या आत कारखान्याला कुलूप लागणार होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

नव्या उद्योगांना पैसे पुरवणारी एक संस्था होती. ती म्हणाली, आधी धंद्याचा आराखडा आणा. मग सूनबाईचा धाकटा दीर पुढे सरसावला. तो एका कचेरीत हिशेब बघायचा. कातडं कापायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तो विचारायचा आणि ती बुटाला टाके घालता घालता सांगायची. एका नगाला कातडं किती? एका नगाची शिलाई किती? ती फटाफट सांगत गेली. विक्रीचा भाव त्याने स्वतःच बाजारात फिरून आणला. गिऱ्हाईक कोण, भाडं किती, पहिलं वर्ष कसं काढायचं, सगळं त्याने मन लावून लिहिलं. शेवटी नफ्याचा आकडा बघून तो स्वतःच खूश झाला. "वहिनी, हे बघून ते नाही म्हणूच शकत नाहीत," असं तो म्हणाला.

भेटीच्या दिवशी सूनबाईने मला पिशवीत घातलं, नमुना म्हणून. माझ्या अंगावर पट्ट्या ठोकलेल्या होत्या. खिळे टोचत होते, पण कित्येक वर्षांनी बाहेर पडलो होतो, म्हणून मी तक्रार केली नाही. तिथल्या खोलीत पिशवी सूनबाई आणि दीर या दोघांच्या पायांमध्ये ठेवलेली होती. समोर संस्थेच्या मॅडम होत्या. त्या एकेक पान उलटत होत्या, ते मला ऐकू येत होतं, आणि अधूनमधून 'हं' म्हणत होत्या. मग त्या कौतुकाने म्हणाल्या, "कच्च्या मालाचा खर्च तुम्ही फारच आटोक्यात ठेवलाय."

सूनबाईने पान आपल्याकडे वळवलं. आणि तिचे पाय गार पडले. पायांचं मला लगेच कळतं, मित्रांनो, जन्मच त्यात गेला.

झालं असं होतं, की कारखान्यात नग म्हणजे एक बूट. कातडं एकेका बुटाचं कापतात, मजुरी एकेका बुटाची देतात. बाजारात मात्र नग म्हणजे खोक्यातली जोडी. म्हणजे खर्च लागला एका बुटाचा आणि विक्री लागली दोन बुटांची. नफा दिसेल नाही तर काय!

दिराच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं. त्याचा पॉलिश केलेला बूट हळूच सूनबाईच्या चपलेवर आला आणि त्याने दाबलं. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. बिचारा वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे ते कुलूप होतं.

सूनबाईने पाय काढून घेतला. "मॅडम, हा आकडा चुकलाय. यात भाव जोडीचा आहे आणि कातडं एकाच बुटाचं. एवढा नफा आमच्या धंद्यात नाही."

मॅडमनी फाइल मिटली. रागावल्या नाहीत. खरा आराखडा करून पुन्हा या, इतकंच म्हणाल्या.

घरी आल्या आल्या दीर म्हणाला, "वहिनी, गप्प बसला असता तर आज काम झालं असतं. सगळं मुसळ केरात गेलं."

"आज झालं असतं भाऊजी," ती म्हणाली, "पण हप्ते त्या खोट्या नफ्यातून भरायचे होते का?"

मामंजींनी सगळी हकिगत ऐकली आणि हसतच सुटले. दोघेही एकेक नगच आहात, म्हणाले. त्या हसण्याने जरा मोकळं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही त्याच टेबलाशी बसले. आता घोळ नको म्हणून सूनबाईने ठरवलं, की आराखडाभर नग म्हणजे एकच बूट. दिराने चडफडत सगळे आकडे बदलले. विक्रीच्या रकान्यात एका बुटाचा भाव लिहिला आणि तो थांबला. चिडूनच म्हणाला, "पण एक बूट विकत घेणार कोण?"

मामंजींचा हातातला चहा हातातच राहिला. "ज्याला एकच लागतो तो," ते म्हणाले. मग सावकाश बोलू लागले. एकच पाय असलेली माणसं त्यांच्या दारात येऊन गेली होती. जोडी घ्यावी लागेल, असं ते प्रत्येकाला सांगत आले होते. जगभर तेच सांगतात, म्हणून त्यांना कधी वावगं वाटलं नव्हतं.

सूनबाई उठली आणि तिने आमचं पोतं टेबलावर उपडं केलं. धडाधड पडलो आम्ही सगळे! नव्या फर्म्यांच्या जोड्यांसाठी आराखड्यात मोठी रक्कम धरलेली होती. आता जोड्याच कशाला हव्यात? वेगवेगळ्या मापांचे एकटे डावे, एकटे उजवे समोर पडलेच होते. दिराने ती रक्कम खोडली. मागायचे पैसे बरेच कमी झाले आणि लहानसा नफा खरोखरचा उरला.

मॅडमनी तो आराखडा दोनदा वाचला. नफा कमी आहे, असं त्या म्हणाल्या. सूनबाई हो म्हणाली. एकेक बूट विकणारं दुकान दुसरं कुठे आहे का, असं त्यांनी विचारलं. आपल्याला तरी माहीत नाही, असं तिने सांगितलं. पैसे मंजूर झाले. दिराचा त्या वेळचा चेहरा मला पिशवीतून दिसला नाही, पण त्याचे पाय खुर्चीखाली एकसारखे हलत होते.

दुकानाच्या पाटीवर सूनबाईने लिहून घेतलं, "येथे एक बूटही मिळेल." लिहायला काहीतरी चुकलंय, असं रंगाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं. टपालवालीचे बूट झाले. मग एक दिवस कुबडी घेतलेला एक गृहस्थ पाटी वाचून आत आला. त्याला फक्त डावा पाय होता. त्याचा बूट माझ्यावर बेतला. कातडं अंगावर ताणलं गेलं तेव्हा मला किती सुख झालं ते सांगता येणार नाही. बूट घालून त्याने भाव विचारला आणि सवयीने दुसराही बांधून द्या म्हणाला. सूनबाई म्हणाली, "दुसरा केलाच नाही. पैसे एकाचेच."

त्याने एकाचेच पैसे मोजून दिले आणि नवा बूट घालूनच तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पाठीवर मोठी पिशवी होती. त्याने ती बाकावर रिकामी केली. सगळे उजवे बूट, कोरे करकरीत, एकालाही माती लागलेली नाही. "इतक्या वर्षांचे आहेत," तो म्हणाला. "टाकवत नव्हते."

सूनबाईने एकेक पुसून फळीवर मांडला. ज्याला ते लागतील त्याच्याकडून ती पैसे घेणार नाही, असं तिने सांगून टाकलं आहे. ते माझ्या समोरच्याच फळीवर आहेत. मी रोज त्यांच्याकडे बघतो आणि मला वाईट वाटतं, कारण नुसतं पडून राहणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. तर मित्रांनो, एकटं उरलेलं काही टाकायच्या आधी एकदा विचार करा, एवढं तर मी म्हणेनच. पण खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या ओळखीत कुणाला फक्त उजवा बूट लागत असेल, तर त्याला आमच्याकडे पाठवा.