आयच्या हातची गाठ

“कोपऱ्यातलं पोतं कुठं गेलं?” माळ्याच्या शिडीवरूनच सुचिताने ओरडून विचारलं.

खाली ओटीवर तिचा नवरा दयाराम उद्याच्या तेराव्याची यादी करत बसला होता. त्याने मानही वर केली नाही. “तूच म्हनालीस ना सकाळी, कोपऱ्यातलं ने म्हनून? गिरणीत टाकून आलो. उद्या शंभर पान उठायचं हाय, तांदूळ नको?”

सुचिता भराभरा शिडी उतरली. म्हणाली होती, ती म्हणालीच होती. पण तिच्या मनात खिडकीकडचा कोपरा होता, आणि नवऱ्याने उचललं ते भिंतीकडचं. खिडकीकडचं खायचं भात. भिंतीकडचं आयचं बियाणं! पोती दोन्ही सारखीच, सुतळीने शिवलेली. कुठलं कुठलं हे आयला ठाऊक, आणि शेवटच्या आठवड्यात तिने सांगितलं म्हणून सुचिताला.

आय म्हणजे तिची सासू, तुळशी. खाडीच्या बांधाआडचं खारं शेत तिने पन्नास वर्षं पेरलं. तिथे दुकानातलं बियाणं जळून जातं, सगळ्या गावाने करून बघितलंय. टिकायचं ते आयचं तांबडं भात. कापणीआधी ती स्वतः उभ्या शेतात शिरून लोंब्या निवडायची, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. सव्वीस वर्षं सुचिता बांधावर टोपली धरून उभी राहिली. आणि परवा परवा, खाटेवरून, आय म्हणाली होती, “औंदापासून तू. सांभाळशील ना गो?”

सांभाळलं! बारा दिवसांत निकाल लावला.

आजूबाजूच्यांनी शेतं कधीच विकली होती. अलिबागला नोकरीला असलेला धाकटा दीर हर्षद दोन वर्षं तेच घोकत होता, मुंबईची पार्टी आहे, बंगला बांधतील, देऊन टाकू. आय एवढंच म्हणायची, “पिकतं शेत इकायचं न्हाय,” आणि जेवायला वाढायला उठायची. पण आता आय नव्हती. बियाणं गेलं की शेत पडीक, आणि पडीक राहिलं की गेलंच म्हणायचं.

गिरणवाल्या रतनचा फोन नुसता वाजत राहिला. गिरण चालू असली की त्याला काय ऐकू येणार, आणि गिरण चालू असेल याचाच तर घोर. सुचिताने पायात चपला सरकवल्या आणि बांधावरची जवळची वाट धरली. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. देवा, लाईट गेलेली असू दे. एरवी रोज जाते, आजच कशी राहील?

वाटेत खांड लागली. सात वर्षांपूर्वी उधाणाने बांध इथे फुटला होता. तेव्हा आय सत्तरीची, लुगडं खोचून कंबरभर चिखलात उतरली आणि एकेकाला नावाने हाका मारून अख्खं गाव कामाला लावलं. भगदाड बुजलं तेव्हा तिच्या दाढा वाजत होत्या. म्हणाली, “च्या टाका रे कुनीतरी. साखर जास्ती.” सुचिताला तिथे थांबून रडायचं होतं, पण थांबून चालणार नव्हतं.

लांबूनच गिरणीची घरघर ऐकू आली. तिने पायऱ्या चढायला आणि ती घरघर बंद व्हायला एकच गाठ पडली.

“आलीस वयनी? आताच झालं बघ,” रतन कपाळावरचा कोंडा पुसत म्हणाला. “पोत्यात निर्गुडीचा पाला होता, तो चाळून काढला. आन तांदूळ काय निघालाय, तांबडालाल!”

तिने पोत्यात हात घातला. तांदूळ अजून गरम होता. तांदूळ पेरून भात उगवत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कीड लागू नये म्हणून आयने बियाण्यात घातलेली ती निर्गुडीची पानं तेवढी तिने खालून वेचून पदरात बांधली. रतन बघतच राहिला.

घरी दयाराम डोकं धरून बसला. हर्षद आलेला होता. तो हळूच म्हणाला, “जाऊ दे वहिनी, मुद्दाम थोडंच केलंस? आता पेरायचा प्रश्नच मिटला.” त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, आणि तिला तेच जास्त लागलं.

तेराव्याला सकाळी घर धुवायला काढलं. सुचिताचे हात चालत होते, चित्त थाऱ्यावर नव्हतं. हर्षदची बायको क्रांती स्टुलावर चढून जळमटं काढत होती.

“वहिनी, दारावरचं हे दसऱ्याचं नवं पार वाळलंय. टाकून देऊ?”

“हात लावू नको!”

क्रांती स्टुलावरून पडायचीच.

दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत बांधून दारादारांवर लावायच्या, ही चाल. त्याला नवं म्हणतात. आय ते खाऱ्या शेतातलंच बांधायची. पुढचं दार, मागचं दार, गोठा, नांगर, विहीर, काही सोडायची नाही. निम्मं चिमण्यांनी खाल्लं असणार. पण निम्मं?

सुचिता स्टुलावर चढली. पानं हाताला लागताच चुरली. आत आयने मारलेली काथ्याची गाठ होती, दोन वेढे आणि वर एक आडवा. ती सोडवेना. तिने गाठ तशीच ठेवून बोटांनी एकेक दाणा ओरबाडला. मागचं दार झालं, गोठा झाला, नांगर झाला. सगळं मिळून मूठसुद्धा भरेना.

“एवढ्यात काय होनार गो?” दयारामने विचारलं.

“एक वाफा. पुढच्या साली चार वाफे. रुजलं तर.” तिने फडकं पसरलं. “न्हाय रुजलं तर मग काय ते करा तुम्ही.”

पडवीत उभा असलेला हर्षद अंगणात उतरला.

सुचिताने फडक्यात दाणे ठेवले, वर निर्गुडीची पानं घातली. पुरचुंडी बांधणार तोच हर्षद आत आला. शर्टाला शेवाळ लागलेलं, मूठ मिटलेली. त्याने ती तिच्यापुढे सावकाश उघडली.

“विहिरीवरचं राहिलं होतं,” तो म्हणाला. “गाठ नाय सोडली.”