दुपारी फोन करू नकोस

डिलीटच्या बटणाखाली बिस्किटाचा कण अडकला होता—दाबलं की कच्च व्हायचं, आणि आज तर तिला दाबण्याखेरीज दुसरं कामच नव्हतं. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका; तिच्यातल्या बंद पडलेल्या, जुन्या कमांड शोधायच्या नि उडवायच्या. उडवण्याआधी प्रत्येक कमांड ती मशीनवर चालवून बघायची. मशीननं नकार दिला की ओळ साफ... कच्च. वाईट वगैरे काही वाटत नव्हतं. परक्या घरातली अडगळ काढावी, तसं.

आणि मग एक कमांड निमूटपणे चालली.

"अहो, ती आपण कधीच बंद केलीय," पलीकडच्या टेबलावरचा प्रोग्रामर मान वर न करता म्हणाला.

"पण चालतेय की."

"चालू दे ना मग! पानावरून काढा. माहीतच नसेल तर वापरणार कोण?"

"ज्यांना आधीपासून पाठ आहे ते."

"तुम्ही पण ना..." तो हसला आणि परत आपल्या स्क्रीनमध्ये शिरला.

पाठ आहे ते... दुपारी फोन करू नकोस, बाबा झोपलेले असतात. आईनं हे बजावलं तेव्हा ती नुकतीच नोकरीसाठी घराबाहेर पडली होती. बाबांची रात्रपाळी, दुपारभर घर दबक्या पावलांनी चालायचं, कडीला चिंधी गुंडाळलेली, भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची—लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांच्याच दुपारी अशा असतात. पुढे बाबांची रात्रपाळी संपली, नोकरी संपली, गेल्या वर्षी बाबाही गेले. आणि ती अजून संध्याकाळीच फोन करते, आई पेंगुळलेली असताना. जेवलीस? जेवले. ठेवू? बस्स. परवा आईच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "दुपारची नुसती फोन मांडीवर घेऊन बसते गं. म्हटलं, लाव की लेकीला. तर नाही म्हणते." त्यावर ती "हो का" म्हणाली होती, कोरडं ठणठणीत. आत्ता स्वतःचा राग आला. केवढी मी शहाणी, जगाच्या जुन्या ओळी पुसत बसलेय!

बाहेर ऊन रखरखत होतं. तिनं फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला.

"बोल," आई कुजबुजली. "बरी आहेस ना?"

"बरी आहे गं. सहज केला."

"सहज?" आवाज तसाच, तोंडावर हात धरल्यासारखा. मग आई बोलतच सुटली—गळका नळ, गुडघा, रात्री डोळ्याला डोळा न लागणं, बाबांचा चष्मा, तो कुणाला द्यावा की ठेवावा... वर्षभराचं तुंबलेलं सगळं, पण एक शब्द मोठा नाही.

आई, मोठ्यानं बोल ना, आता कोण आहे... वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"मग? पुढं काय झालं?" तिनं विचारलं, आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, आपणही तोंडापुढे हात धरलाय, आपलाही आवाज खाली गेलाय. समोर स्क्रीनवर ती ओळ तशीच होती, न पुसलेली. तिकडे घरी, आतल्या खोलीत बाबा झोपलेले होते—अजून—आणि त्यांना उठवायला तिचं मन धजेना.