सूनबाई आणि घाई

सासऱ्यांची डावी बाजू झटक्याने लुळी पडली, तेव्हा तबेल्यात एकच जनावर उरलं होतं, एक तरणी घोडी. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, म्हणून नाव पडलं घाई. तपकिरी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, आणि आता पाठीवर माणूस घ्यायच्या वयाला आलेली. सासऱ्यांनी आयुष्यभर लोकांचे घोडे शिकवून दिले होते. ही मात्र त्यांची स्वतःची होती.

मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातून एखादी रात्र घरी. तो म्हणाला, "बाबा, तिला दुसऱ्या कुणाकडे शिकायला पाठवू."

सासऱ्यांची जीभ अजून जड होती. त्यांनी मान हलवली आणि चांगल्या हाताने खिडकीकडे बोट केलं. खिडकीपाशी सूनबाई शिवणयंत्रावर बसली होती.

"हिच्याकडून करून घेतो."

सूनबाईच्या पायाखालचं यंत्र थांबलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिने तबेल्याचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. "मी? बाबा, घोडा समोरून आला तर मी रस्ता बदलते."

"म्हणूनच. जो घाबरतो, तो सावकाश जातो."

सुरुवातीचे कितीतरी दिवस तिने काहीच केलं नाही, असं तिला वाटायचं. सासरे कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर काठी आडवी. सूनबाई रिंगणात नुसती उभी. घाई लांबून बघायची, फुरफुरायची, मग एक दिवस जवळ येऊन तिच्या ओढणीचं टोक चघळू लागली. सूनबाई घामाघूम झाली, पण हलली नाही.

मग अंगाला खरारा करणं, मग तोंडावर दोरीची मोहरकी चढवणं, मग दोरीने चालवणं. आपण थांबलो की तिने थांबायचं. छातीवर बोटं टेकवली की एक पाऊल मागे घ्यायचं. पहिल्या दिवशी घाईने पाऊल मागे घेतलं तरी सूनबाईची बोटं तिथेच दाबलेली राहिली.

"सोड, सोड!" सासरे बाहेरून म्हणाले. "तिने ऐकलं की लगेच हात काढ. दाबतच राहिलीस तर तिला कसं कळणार, आपलं बरोबर आलं म्हणून?"

सूनबाईने हात काढला. मग का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "हे घोड्यांपुरतंच आहे का, बाबा?"

सासऱ्यांनी मांडीवरची काठी सरळ केली. भाजीत मीठ कमी, शिलाईचा पसारा फार, पोरांचे लाड फार. इतकी वर्षं त्यांच्याकडून तिने एवढंच ऐकलं होतं, तेही बहुतेक वेळा नवऱ्यामार्फत. आपण जरा जास्तच बोललो, असं वाटून ती दिवसभर खाली मान घालून वावरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत सासरे म्हणाले, "चहा चांगला झालाय."

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चेष्टा करतायत की काय? पण ते खिडकीबाहेर बघत होते, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पुढे काम जमत गेलं. जुन्या चादरी घाईच्या पाठीवर टाकायच्या, ओढायच्या, पुन्हा टाकायच्या. लांब दोरीवर गोल फिरवायचं, आधी चाल, मग दुडकी. घाई आता तिची चाहूल लागली की दारावर नाक आपटायची. नवरा घरी आला तेव्हा हे बघून म्हणाला, "माझ्यासाठी कुणी असं दार वाजवत नाही."

"तू ओढणी चघळत नाहीस," सूनबाई म्हणाली.

खोगिराच्या दिवशी मात्र गडबड झाली. एका लग्नघरचे कपडे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि सूनबाईचं अर्धं लक्ष तिकडेच होतं. तिने खोगीर ठेवलं आणि पोटाखालचा पट्टा एका दमात आवळला. घाईने पाठ कमानीसारखी उचलली, मागचे पाय झाडले आणि वळताना खांद्याचा असा धक्का दिला, की सूनबाई कुंपणावर आपटून खाली बसली.

तिने वर पाहिलं, तर सासरे काठी न घेताच खुर्चीवरून उठले होते. रिंगणाच्या फाटकातून दोन-चार पावलं आत आले आणि तेही मातीत कोसळले.

"लागलं का?" त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"मनगटाला. तुम्हाला?"

"मला कुठे... लागलेलं कळतंय." त्यांनी डाव्या हाताकडे बघून म्हटलं, आणि सूनबाईला हसू फुटलं. मग त्यांनाही. दोघं मातीत बसून हसत होते आणि घाई कोपऱ्यात कान टवकारून उभी होती.

हसू ओसरल्यावर सासरे हळू आवाजात म्हणाले, "चूक माझी. तुझं मन यंत्रापाशी आहे हे मला दिसत होतं. थांबवायला हवं होतं."

सूनबाईने चांगला हात पुढे केला आणि त्यांना उठवलं.

मनगट बरं होईपर्यंत काम पुन्हा चादरीपासून सुरू झालं. पट्ट्याला तिने गोधडीच्या तुकड्याचं मऊ अस्तर शिवलं. पट्टा आता एकेक भोक पुढे घेत आवळायचा, मध्ये घाईला फिरवून आणायचं. मग एके दिवसापासून स्टुलावर उभं राहून तिच्या पाठीवर नुसतं पोटावर आडवं पडायचं, खाली उतरायचं. घाई मान वळवून तिच्या चपला हुंगायची.

आणि मग ती सकाळ आली. ऊन नुकतंच रिंगणात उतरलं होतं. सासऱ्यांनी चांगल्या हातात दोरी धरली. सूनबाईने रिकिबीत पाय ठेवला, दुसरा पाय अलगद पलीकडे टाकला आणि बसली. तिच्या मांड्यांखाली घाईची पाठ ताठ झाली. खालून एक थरथर वर आली, की वरून खाली गेली, तिला सांगता आलं नसतं.

"श्वास सोड," सासरे म्हणाले.

"कुणाला सांगताय?"

"दोघींना."

तिने सोडला. क्षणभराने घाईनेही लांब फुरफुर केली आणि पाठ सैल झाली. सासरे चालू लागले. त्यांचा डावा पाय मातीत रेघ ओढत होता. त्यांच्या मागून घाई इतकी बेताने पाऊल टाकत होती, की दोरी एकदाही ताणली गेली नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग त्यांनी मोहरकीच्या कडीतून दोरी काढली.

"बाबा, हे काय?"

"आता तुमचं तुम्ही बघा." ते कुंपणाला टेकले.

सूनबाईने लगाम हलकेच धरला आणि समोर, फाटकाकडे पाहिलं. घाई निघाली. फाटकापाशी पोचल्यावर सूनबाईने पाठ सरळ केली, आणि घाई थांबली. सूनबाईने तोंडातून शब्दही काढला नव्हता.

सूनबाई खाली उतरली. तिने घाईच्या मानेला मिठी मारली आणि तशीच उभी राहिली. सासऱ्यांनी तोंड वळवून, चांगल्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले.

"तिला पाणी दाखव," ते म्हणाले. "तू पण पी. उद्या उलट्या बाजूने फेऱ्या मारायच्या आहेत."