तिघांनाच माहीत असलेली गोष्ट

पुंजाराम डोळे धुवायला म्हणून दवाखान्यात आला आणि आधी त्यानं दार लोटून घेतलं.

दवाखाना म्हणजे नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका खासगी दूध प्लांटमधली प्रथमोपचाराची खोली. हन्ना तिथली नर्स. पुंजाराम कॉम्प्रेसर रूमवर कामाला. दूध थंड ठेवणारा अमोनिया गॅस तिथल्या पाइपांतून फिरायचा. त्या उन्हाळ्यात तिथली माणसं सारखी हन्नाकडं येत होती. कुणाचे डोळे लाल, कुणाला खोकला थांबत नाही. विचारलं की म्हणत, "धूळ गेली सिस्टर."

हन्नानं त्याच्या डोळ्यांवर पाणी सोडलं. तो खाली वाकूनच बोलला.

"धूळ न्हाई सिस्टर. गॅस गळतोय. अन् सायरन बंद केलाय."

"बंद म्हणजे? बिघडलाय?"

"बिघडला न्हाई, साहेबांनी वायरच काढाया लावली. सारखा वाजायचा, वाजला की लाइन थांबवून समद्यांनी भाईर पळायचं. माल अडकायचा. आता कितीबी गळू द्या, वाजत न्हाई."

कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीला लागूनच पॅकिंगचा हॉल होता. तिथं बायका काम करायच्या. मोठी गळती झाली तर त्यांना पत्ता लागायच्या आत श्वास कोंडला असता. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"मला सांगायचंय कुनाला तरी," पुंजाराम म्हणाला. "पन भीमाचं काय झालं, तुमी पाह्यलंय."

भीमा इथला फिटर. मागच्या वर्षी तो गेटवर सगळ्यांसमोर गळतीबद्दल बोलला होता. थोड्याच दिवसांत त्याच्या गाडीच्या डिकीत प्लांटची मोटर सापडली. चोरीची केस झाली, नोकरी गेली. आता तो तिसगावला सासरवाडीत राहत होता आणि कुणाचा फोन घेत नव्हता.

"सायरनचं कुणाकुणाला माहिती आहे?" हन्नानं विचारलं.

"मला, माझ्या जोडीच्या अंगदला अन् वायरमनला. तिघांलाच."

"मग तुम्ही कुणाला काही सांगायचं नाही, पुंजारामभाऊ. सायरनचा शब्द जरी बाहेर गेला, तरी ते तिघांपैकी एकाला धरतील. डोळे, खोकला हे मी रोज बघते. मी तेवढंच सांगेन. आणि आता गेटवर भेटलो तरी माझ्याशी बोलू नका."

सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं नगरला गेली. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या कार्यालयात एक अधिकारी बाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं नाव आम्ही कुणाला सांगणार नाही. कायदाच तसा आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण तुमच्या गावात नाव किती दिवस लपतं, ते तुम्हीच सांगा."

हन्नानं तक्रारीवर सही केली.

बाई तपासणीला आल्या, पण त्या पोचायच्या आधीच प्लांट धुऊन काढलेला होता. सायरनची वायर जागेवर होती. बटण दाबताच तो असा वाजला, की पॅकिंगमधल्या बायकांनी कानावर हात ठेवले. बाईंनी एकदा दवाखान्याच्या दाराकडं पाहिलं आणि गाडीत बसल्या. गाडी हमरस्त्याला लागली आणि वायर परत निघाली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर रोहोकले दवाखान्यात आले. कधी न येणारा माणूस स्टुलावर बसला, रक्तदाब तपासून घेतला.

"सिस्टर, डोळ्यांची तक्रार घेऊन कोण कोण आलं होतं तुमच्याकडं?"

"पेशंटची नावं मी सांगत नाही, साहेब."

"काळजीपोटी विचारतोय. आपलीच माणसं आहेत." त्यांनी बाही खाली घेतली, बटण लावलं. "सॅमसन मास्तर बरे आहेत ना? त्यांचं शाळेत कायम व्हायचं राहिलंय, असं चेअरमन म्हणत होते."

चेअरमन म्हणजे प्लांटचे मालक. हन्नाचा नवरा सॅमसन ज्या शाळेत शिकवायचा, त्या संस्थेवरही तेच होते. रोहोकले हसून निघून गेले. ते गेल्यावर हन्नानं पेशंटची नोंदवही कपाटात घालून कुलूप लावलं.

त्या रविवारी चर्चबाहेर एक मोटारसायकल उभी होती. तिच्यावर दोन अनोळखी माणसं. ती नुसती बघत राहिली. सोमवारी संध्याकाळी तीच गाडी घरासमोर.

"तू काय केलंयस?" सॅमसननं विचारलं.

तिनं सांगितलं. तो चिडला. "सगळ्या प्लांटला सोडून तुलाच कशी पडलीय? उद्या माझी नोकरी गेली तर?"

"अहो, त्यांना बोलता येत नाही, आणि मला येतंय. मी तरी काय करू?"

तो न जेवता उठला.

प्लांटमध्ये कुणी कुणाशी बोलेनासं झालं. कॉम्प्रेसर रूमच्या तिघांचे मोबाईल गेटवर ठेवून घ्यायला लागले. पुंजाराम दवाखान्याकडं फिरकेना. खोकत असलेला दिसला, तरी हन्ना मान वळवून घ्यायची.

आणि मग रोहोकलेंनी धरायला माणूस निवडला. चुकीचा निवडला.

सकाळची पाळी सुटत होती. गेटवर रोहोकलेंसमोर वॉचमननं अंगदची पिशवी उलटी केली आणि डब्याखालून पितळी व्हॉल्व्ह घरंगळत बाहेर आला. अंगद त्याच्याकडं बघतच राहिला. तो कधी कुणाशी काही बोलला नव्हता. नुकतीच त्याच्या घरी मुलगी झाली होती. "आईची शप्पथ, मी न्हाई घेतला साहेब," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

गर्दीत पुंजाराम होता. त्याचा चेहरा राखेसारखा झालेला हन्नानं लांबून पाहिला. तो एक पाऊल पुढं आला. तो बोलला असता, तर दोघंही बुडाले असते. हन्ना धावतच गेटवर गेली.

"साहेब, नगरला तक्रार मी केलीय," ती मोठ्यानं म्हणाली. "मी एकटीनं. अंगदचा काही संबंध नाही."

पुंजाराम जागीच थांबला.

"तक्रारीचं इथं काय काढलंत?" रोहोकले म्हणाले. "ही चोरी आहे."

"भीमाची पण चोरीच होती. हे तक्रारीनंतरच कसं सापडतं, ते सगळ्यांसमोर सांगा."

"तुम्हाला मशिनरीतलं काय कळतं? कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मशिनरीतलं काही कळत नाही. आजारी माणूस कळतो."

पॅकिंगमधली निकिता हन्नाच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग आणखी काही बायका आल्या. कुणी घोषणा दिली नाही, पण कुणी घरीही गेलं नाही. रोहोकलेंनी पोलिसांना लावायला काढलेला फोन खिशात ठेवला आणि अंगदला जाऊ दिलं. हन्नाला मात्र तिथंच सांगितलं, उद्यापासून यायचं नाही.

घरी जाताना तिनं वाटेतच नगरला फोन लावला.

"मॅडम, परत या. मागच्या वेळी यांना आधीच कळलं होतं, या वेळी ऑफिसातसुद्धा कुणाला सांगू नका. आणि चौकशी केलीत तर कॉम्प्रेसर रूमच्या तिघांनाच बोलावू नका. सगळ्यांना एकेक करून आत घ्या. कँटीनच्या माणसालासुद्धा. सगळ्यांना सारखाच वेळ बसवा. कोण बोललं, ते बाहेर कुणाला कळता कामा नये."

बाई तशाच आल्या, भाड्याच्या जीपमधून, थेट कॉम्प्रेसर रूममध्ये. बटण दाबलं, सायरन मुका. मग दिवसभर माणसं एकेक करून बंद दाराआड गेली आणि बाहेर आली. वॉचमन गेला, झाडूवाली गेली, रोहोकलेंचा ड्रायव्हरही गेला. कुणी काय सांगितलं, ते आजही प्लांटमध्ये कुणाला माहीत नाही. संध्याकाळी कॉम्प्रेसर रूमला सील लागलं. नवे पाइप बसेपर्यंत प्लांट बंद राहिला. अंगदवर केस झाली नाही, तो कामावर परत आला. भीमाची केस अजून कोर्टात आहे.

हन्नाला कुणी परत बोलावलं नाही. सॅमसनचं कायम होणं लांबलं ते लांबलंच. पण ती मोटारसायकल पुन्हा समोर आली, तेव्हा त्यानं अंगणात दोन खुर्च्या टाकल्या आणि हन्नाला म्हणाला, "बाहेर बस. आत कशाला बसायचं?" दोघं गाडीकडं तोंड करून बसून राहिली. गाडी अंधार पडेपर्यंत हलली नाही.

रोहोकलेंची बदली झाली, तीही वरच्या पदावर. त्याच मालकांचा कोपरगावकडं याहून मोठा प्लांट सुरू झाला होता, तिथं. निकितानं ही बातमी दिली. मग इकडंतिकडं चौकशी करून हन्नानं तिथल्या नर्सचा नंबर मिळवला. आराधना नावाची नवीन मुलगी होती.

हन्नानं आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, "तुझ्याकडं डोळे लाल झालेली माणसं येतात का गं?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"ताई, पेशंटबद्दल मला बोलता येत नाही," आराधना हळू म्हणाली.

पण तिनं फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. हन्नाही फोन धरून थांबली.